गाडी कोणाच्या शब्दाने निघते

वर्धा शहराच्या एका अंगास, सात-आठ किलोमीटरांवर, सेवाग्राम आणि दुसऱ्या अंगास, त्याहूनही जवळ, सावंगी मेघे, अशा दोन ठिकाणी दोन वैद्यकीय महाविद्यालये आपापली प्रशस्त रुग्णालये घेऊन उभी आहेत. शहरात सरकारचे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, हिंगणघाट आणि आर्वी येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. आणि आठ तालुक्यांचा, २०११च्या खानेसुमारीप्रमाणे तेरा लाख वस्तीचा हा जिल्हा मुळातच इतका आटोपशीर आहे की, आष्टी-कारंज्याकडचा चढउताराचा टापू वगळला, तर रस्ता धड असताना आणि गाडी दारात उभी असताना बहुतेक गावांतून एखादा मोठा दवाखाना गाठावयास फार वेळ लागू नये. मेळघाटातील किंवा भामरागडातील बाईच्या वाट्यास येणारी दऱ्याखोऱ्यांची आणि पुराने अडवलेल्या नाल्यांची अडचण येथे त्या प्रमाणात नाही. बाळंतपणात स्त्रिया का दगावतात ह्या प्रश्नाचा विचार करावयास वर्धा जिल्हा मला विशेष उपयुक्त वाटतो तो ह्याच कारणाने. अंतराची सबब येथे लवकर संपते, आणि ती संपली की घर, पंगत, शेत, सासर आणि माहेर ह्यांच्याकडे पाहण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत, गरोदरपणाशी संबंध असलेल्या कारणाने आलेला मृत्यू तो मातामृत्यू, अशी व्याख्या जगभर मान्य आहे, आणि त्याची मोजदाद दर एक लाख जिवंत जन्मांमागे केली जाते. नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे २००१-०३ ह्या काळात भारताचा हा आकडा ३०१ आणि महाराष्ट्राचा १४९ होता. २०१८-२० पर्यंत तो अनुक्रमे ९७ आणि ३३ वर उतरला. केरळाने ह्याच काळात १९ चा पल्ला गाठला हे खरे, तथापि महाराष्ट्राची ही मजल लहान म्हणता येत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली. गावोगाव उन्हातान्हात फिरणाऱ्या आशाताई, उपकेंद्रावरील नर्सबाई आणि २०१४ पासून धावणारी १०८ क्रमांकाची गाडी ह्यांच्या श्रमांवाचून हे घडते ना. परंतु जे मृत्यू सहज टाळता येण्याजोगे होते ते टळल्यावर मागे जे उरतात, त्यांच्यात समाजाच्या रीतीभातींचा धागा अधिक घट्ट गुंतलेला असतो, आणि तो उसवणे हे औषधाच्या गोळीहून अवघड काम आहे.

हा धागा शरीरापर्यंत कसा पोहोचतो हे समजण्यासाठी बाळंतपणातील रक्तस्रावाचे उदाहरण घ्यावे. गरोदरपणाच्या अखेरीस गर्भाशयाकडे दर मिनिटास अर्ध्या लिटराहून अधिक रक्त वाहत असते. मूल जन्मले आणि वार सुटून पडली, की ज्या रक्तवाहिन्यांच्या आधाराने ती चिकटून होती त्यांची तोंडे उघडी पडतात, आणि ती बंद करण्याचे काम गर्भाशयाचे स्नायू स्वतःच आवळून करतात. हे आवळणे झाले नाही, तर निरोगी दिसणारी बाईसुद्धा सुमारे दोन तासांत हातची जाऊ शकते. आता ही बाई जर आधीच पांढरीफटक असेल, तिच्या रक्तातील हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या ऐवजी ७ ग्रॅमच्या खाली गेले असेल, तर दुसरी बाई जेवढा रक्तस्राव सोसून उठून बसते, तेवढाच तिला पुरा पडतो. बाळाला लगेच अंगावर घेतले तर त्या चोखण्यानेच गर्भाशय आवळावयास मदत होते. पण पहिला पिवळसर चीक वाईट समजून पिळून टाकावयाचा आणि बाळाला मधाचे बोट किंवा गुळाचे पाणी द्यावयाचे, ही रीत ज्या घरात अद्याप आहे तेथे निसर्गाने दिलेला तो पहिला आधारही लांबणीवर पडतो. बाईने वर्षानुवर्षे काय खाल्ले आणि बाळाला अंगावर केव्हा घेतले, ह्या गोष्टींना आपण घरगुती म्हणतो, परंतु त्यांचा निकाल त्या दोन तासांत लागतो.

उपाय नाहीत असे नव्हे. मराठी मुलखाला लागून असलेल्या, आणि ज्याच्या अनेक खेड्यांतून मराठी बोलली जाते, त्या बेळगाव जिल्ह्यात झालेला आणि २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग जगभर वाखाणला गेला. प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या नर्सबाईंच्या हातून दिल्या असता अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. गोळी स्वस्त, थंड पेटीत ठेवण्याची गरज नाही, आणि टोचण्याचीही नाही. गरोदरपणी रक्तदाब चढून येणाऱ्या झटक्यांच्या विकारावर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन असेच स्वस्त आणि गुणकारी आहे. पण अंगावर सूज चढलेली, डोके ठणकणारी, डोळ्यांपुढे अंधारी येणारी बाई जर प्रथम बाहेरची बाधा उतरविणाऱ्याकडे नेली गेली, तर ते इंजेक्शन दवाखान्याच्या कपाटात राहते आणि झटका घरी येतो.

अमेरिकेतील सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन ह्या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ साली ह्या सर्वांची एक मांडणी केली, ती आज आपल्या सरकारी दप्तरातही रूढ आहे. मातामृत्यूच्या मागे तीन प्रकारचे विलंब असतात, असे त्यांचे प्रतिपादन: दवाखान्यात जावयाचे हे ठरविण्यातील विलंब, तेथे पोहोचण्यातील विलंब, आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातील विलंब. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात दुसरा विलंब पुष्कळसा आटोक्यात आला आहे. पहिला मात्र घराच्या उंबरठ्याच्या आत घडतो आणि तेथे कोणत्याही खात्याची गाडी जात नाही. पहाटे पाणी जाऊ लागलेल्या सुनेला किती वाजता बाहेर काढावयाचे हे कोण ठरवितो? बहुधा सासू, किंवा नवरा, किंवा दोघांच्या वर असलेला सासरा; ज्या बाईचे पोट दुखत असते ती स्वतः क्वचितच. "पह्यलटकरीन हाय, वेळ लागते," हा एक ठरलेला शब्द, "मालक बाहीर गेले हायेत, आले की पाहू," हा दुसरा, आणि "मले चार झाले, कोन नेलं होतं दवाखान्यात?" हा तिसरा, ज्याला तोड नाही, कारण बोलणारी बाई समोर धडधाकट उभी असते आणि ज्या तिच्या बरोबरीच्या बाया बाळंतपणात गेल्या त्या उत्तर द्यावयास उरलेल्या नसतात.

सेवाग्रामच्या रुग्णालयाला कस्तुरबांचे नाव आहे, आणि ह्या संदर्भात ते नाव मला फार अर्थपूर्ण वाटते. लहानपणी लग्न झालेल्या कस्तुरबांचे पहिले मूल अवघे तीन-चार दिवस जगले, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे, आणि त्या प्रसंगाची लाज आयुष्यभर बाळगून लिहिले आहे. पुढे दक्षिण आफ्रिकेत, १९०० साली, त्यांच्या धाकट्या मुलाच्या, देवदासच्या, जन्माच्या वेळी कळा एकाएकी सुरू झाल्या, डॉक्टर तत्काळ मिळाला नाही, सुईणीला बोलावून आणण्यातही वेळ जाणार होता, आणि अखेर ती प्रसूती गांधीजींनी स्वतःच्या हातांनी पार पाडली. हे त्यांना साधले ते केवळ धैर्याच्या बळावर साधले नाही; बालसंगोपन आणि प्रसूती ह्या विषयांवरील डॉ. त्रिभुवनदासांचे गुजराती पुस्तक त्यांनी आधीच मन लावून वाचले होते, आणि बाळंतपण ही बायकांच्या खोलीतील, पुरुषाने तोंड फिरवावयाची बाब आहे असे ते मानीत नव्हते. ज्या काळात सुशिक्षित घरांतील पुरुषही ह्या विषयाचा उच्चार अशिष्ट समजत, त्या काळातील ही गोष्ट आहे. आज सव्वाशे वर्षांनी, बायकोचे हिमोग्लोबिन किती आहे हे सांगू शकणारे नवरे एखाद्या गावात किती निघतील ह्याचा वाचकांनी आपापल्या गावापुरता शोध घेऊन पाहावा.

कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी आगाखान राजवाड्यातील बंदिवासात निवर्तल्या. त्यांच्या स्मरणार्थ जमलेला निधी खेड्यातील स्त्रिया आणि मुले ह्यांच्याकरिताच खर्च व्हावा असा गांधीजींचा आग्रह होता. आणि त्याच सुमारास गांधीजींच्या वैद्य व सहकारी डॉ. सुशीला नायर ह्यांनी सेवाग्रामात चालविलेला लहानसा दवाखाना बिर्लांच्या तेथील घरात हलून १५ खाटांचे, फक्त बायका आणि मुलांसाठी असलेले रुग्णालय झाला. पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झालेल्या सुशीलाबहेनांनी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, तेथेच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापिली. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यावे, तेथे राहून घरोघरची माणसे ओळखावीत, ही त्या संस्थेची रीत आजही चालू आहे. बाळंतिणीच्या खाटेवरून सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय आपल्या देशात विरळाच, आणि वर्ध्याने ह्याचा अभिमान बाळगावा.

आता रीतीभातींकडे वळू. त्यांच्याविषयी बोलताना दोन चुका होतात: कोणी त्या सगळ्याच अडाणीपणात काढतो, कोणी सगळ्याच पूर्वजांचे शहाणपण म्हणून डोक्यावर घेतो. वस्तुतः त्या एकेक पारखून घ्यावयास हव्यात. बाळंतिणीला दिवसभर बाजेवर निजू द्यावे, तिला डिंकाचे आणि अळिवाचे लाडू द्यावेत, तेलाने अंग रगडून ऊन पाण्याने न्हाऊ घालावे, सव्वा महिना तिच्याकडून जड काम घेऊ नये, ह्यांत मोडण्यासारखे काही नाही; ज्या देहाने नऊ महिने ओझे वाहिले त्याला विसावा मिळावा अशी दया त्यात आहे. ह्या सव्वा महिन्याचा आणि वैद्यकशास्त्राने धरलेल्या ४२ दिवसांचा मेळही जवळपास बसतो. परंतु त्याच खोलीत दारेखिडक्या बंद करून, बाजेखाली शेगडी ठेवून, धुराने बाळबाळंतिणीचा श्वास कोंडावयाचा; सुवेर आहे म्हणून तिच्या खोलीकडे कोणी फिरकावयाचे नाही, आणि म्हणून तिला ताप भरला किंवा अंगावरून घाण वासाचे जाऊ लागले तरी ते तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत कोणाच्या ध्यानी यावयाचे नाही; हे मात्र जिवावर बेतणारे आहे. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी लेख लिहून जाते ही श्रद्धा कोणाला दुखवीत नाही, पण बाळंतिणीचा ताप हाही त्याच लेखातला म्हणून सोडून देणे दुखविते. जंतुदोषाचा ताप हा हात, पाते आणि फडके ह्यांच्या अस्वच्छतेतून येतो. व्हिएन्नाच्या सूतिकागृहात इग्नाझ सेमेलवाइस ह्यांनी १८४७ साली डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्यास लावून तेथील मृत्यू झपाट्याने खाली आणले तेव्हा त्यांचीही अवहेलना झाली होती, आणि ती करणारे सगळे सुशिक्षित होते, हे येथे ध्यानात ठेवणे बरे.

खाण्याच्या बाबतीत एक समज विशेष घातक आहे. जास्त खाल्ले की बाळ मोठे होते, आणि बाळ मोठे झाले की अडते, म्हणून सातव्या महिन्यानंतर हात आखडता घ्यावा, असे पुष्कळ घरांतून सांगितले जाते. रक्तवाढीच्या गोळ्यांनीही बाळ मोठे होते किंवा काळे होते, अशी भर त्यात पडते, आणि गोळ्यांनी शौचास काळी झाली की त्या गोळ्या खिडकीबाहेर जातात. हा समज निव्वळ अज्ञानातून निपजला असे मला वाटत नाही. ज्या काळी अडलेल्या बाईला सोडविण्याचा कोणताच उपाय हाताशी नव्हता, त्या काळच्या भयाने हा नियम घालून दिला असावा. भयाचे कारण गेले, नियम राहिला. डोहाळजेवणाच्या दिवशी पाटाभोवती रांगोळी काढून गरोदर सुनेला पंचपक्वान्ने वाढणारे घर एरवीच्या दिवशी तिला सगळ्यांच्या शेवटी, भांड्याच्या तळाशी उरलेल्या पातळ वरणावर बसविते. महाराष्ट्रातील १५ ते ४९ ह्या वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के, स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे २०१९-२१च्या त्याच पाहणीत आढळले. शेवटच्या पंगतीला बसणाऱ्यांचा हा हिशेब आहे.

आणि पंगतीच्या आधी शेत. वर्धा जिल्हा कापसाचा. दसऱ्या-दिवाळीपासून बोंडे फुटू लागतात आणि पुढचे दोन-तीन महिने जिल्ह्यातील बायांचे दिवस वेचणीत जातात. दहिवर पुरते उतरण्याआधी बाई शेतात येते, कमरेला फडक्याची खोळ बांधते आणि तासातून कमरेत वाकून चालू लागते. वाळलेल्या बोंडाची टोके बोटांच्या पेरांना ओरबाडतात, खोळ भरत जाते तसे ओझे पोटाखाली लोंबू लागते, आणि सहाव्या-सातव्या महिन्यातील गरोदर बाईला त्या खोळीची गाठ पोटाच्या वर बांधावी की खाली, हेच कळेनासे होते. संध्याकाळी काटा होतो आणि किलोमागे मजुरी मिळते. जेवढे वेचले तेवढे दाम. वाकणे कमी झाले, की दामही कमी. अशा बाईला तपासणीच्या दिवशी दवाखान्यात या म्हणणे म्हणजे ऐन हंगामातील एक रोज सोडा म्हणणे आहे. ती सोडीत नाही, आणि आशाताईच्या वहीत तिच्या नावापुढे "समजावून सांगितले, आली नाही" अशी नोंद पडते.

येथे एक जुना अन्याय सांगणे भाग आहे. मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२८ साली कारखान्यांतील कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा देण्याचे बिल आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा ठाम पुरस्कार केला, आणि मातेला प्रसूतीच्या आधी व नंतर विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा भार सरकारने उचलणे न्याय्य आहे, अशी भूमिका मांडली. १९२९ साली मुंबई इलाख्यात आणि १९३० साली मध्य प्रांतात असे कायदे झाले. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात मोडत असे, आणि हिंगणघाट व पुलगाव येथील कापडगिरण्यांत बाया कामास असत. म्हणजे गिरणीत सुताशी काम करणाऱ्या बाईला कायद्याने काही आठवड्यांची सवड दिली, आणि त्या गिरणीला लागणारा कापूस ज्या बाईने वाकून वेचला, तिला काहीच दिले नाही. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली देशव्यापी कायदा झाला, तोही शेताच्या धुऱ्यावर येऊन थांबला. २०१७ पासून मातृवंदना योजनेतून पाच हजार रुपये मिळतात हे खरे. पण बँकेचे खाते, आधारचा दाखला आणि अर्जाच्या मुदती सांभाळून ती रक्कम हाती पडेपर्यंत पुष्कळदा मूल रांगावयास लागलेले असते, आणि जो हंगाम तिने विसाव्याला द्यावयाचा तो तिने वेचणीला देऊन टाकलेला असतो.

विदर्भाच्या रक्तात आणखी एक दुःख आहे, ते सिकलसेल ह्या रक्तविकाराचे. नागपुरातील डॉक्टरांनी १९५८ साली मध्य भारतातील ह्या विकाराची नोंद प्रथम वैद्यकीय जगापुढे मांडली. तो विशेषतः अनुसूचित जाती आणि जमाती ह्यांच्या कुटुंबांतून आढळतो, आणि त्याच्याकडे जेवढे लक्ष पुरवावयास हवे होते तेवढे दीर्घकाळ पुरविले गेले नाही, ह्याचे कारण तो कोणाच्या घरी आढळतो ह्यातच आहे असे मला स्पष्ट वाटते. हा विकार असलेल्या बाईचे गरोदरपण फार जोखमीचे असते: रक्त झपाट्याने उतरते, सांध्यांत आणि छातीत असह्य कळा येतात, जंतुदोष लवकर जडतो. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा विकार होण्याचा संभव चारांत एक असतो, आणि साध्या रक्ततपासणीने हे आधी कळू शकते. पण सोयरीक मोडेल ह्या भीतीने मुलीकडचे तपासणीचा कागद लपवितात, मुलाकडचे तर तपासणीच करीत नाहीत. आणि सासरी गेलेली मुलगी दुखणे अंगावर काढीत गरोदर राहते. ज्या कागदाने तिचा जीव वाचावयाचा तो माहेरच्या पेटीत घडी घालून ठेवलेला असतो.

माहेरच्या रीतीचाच असा दुहेरी परिणाम आहे. पहिले बाळंतपण आईकडे व्हावे, ही आपल्याकडील सर्वांत मायाळू रीत. सासरी मोकळेपणाने "दुखते" म्हणता न येणाऱ्या मुलीला आईपाशी ते म्हणता येते, एवढ्या एका कारणानेही ती टिकावी असे मला वाटते. परंतु सातव्या महिन्यात ओटीभरण होऊन मुलगी सेलूहून समुद्रपूरकडे किंवा वर्ध्याहून थेट यवतमाळ जिल्ह्यात गेली, म्हणजे तिची आशाताई बदलते, नर्सबाई बदलते, दवाखाना बदलतो. सासरच्या गावी तिचे नाव कागदावर तसेच राहते, माहेरच्या गावी ते चढत नाही, आणि नेमके शेवटचे दोन महिने, ज्या काळात रक्तदाब चढतो, ती कोणाच्याच वहीत नसते. बरोबर न्यावयाचे माता-बाल कार्ड घाईत सासरच्या फळीवर राहून जाते. रात्री कळा सुरू झाल्यावर तपासणाऱ्या डॉक्टरला तिचा रक्तगट ठाऊक नाही, आधीचा रक्तदाब ठाऊक नाही, काही नाही.

लग्नाच्या वयाबद्दल मी येथे थोडक्यात लिहितो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी नवव्या वर्षी बोहल्यावर चढल्या, चौदाव्या वर्षी आई झाल्या, आणि बाळ दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या वैद्यक शिकावयास अमेरिकेस गेल्या, आणि १८८६ साली पदवीसाठी त्यांनी निवडलेला विषय प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. बालविवाह रोखणारा शारदा कायदा १९२९चा. तरीही २०१९-२१च्या पाहणीत राज्यातील २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली निघाली. कोवळ्या वयाच्या मुलीचे कटिर पुरते वाढलेले नसते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नव्या घरात तिच्या शब्दाला वजन नसते. मुलगा होईपर्यंत बाळंतपणांना खंड नाही, असा आग्रह तिच्यावर लादला गेला तर ती नाही म्हणू शकत नाही. आणि झीज भरून निघण्याआधीच पुन्हा दिवस राहतात.

बायकांचे हे मौन किती खोल असते ते विदर्भातल्याच गडचिरोलीत दिसून आले. डॉ. राणी बंग आणि सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले डॉ. अभय बंग ह्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक ना एक विकार आढळला, आणि तपासलेल्यांपैकी फक्त ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी तशी तपासणी झाली होती. अंगावरून पांढरे जाणे, कंबर धरणे, ओटीपोट दुखणे हा बाईच्या जातीचा भोगच, अशी समजूत एकदा मनात रुजली, की गरोदरपणातील सूज आणि रक्त जाणे हेही त्याच भोगात जमा होते. ह्या मौनाला दवाखानाही कधीकधी हातभार लावतो. प्रसूतिगृहात खेडवळ बाईवर ओरडणे, तिच्या बोलीला हसणे, तिच्या मुलांची संख्या विचारून टोमणा मारणे, हे प्रकार जेथे घडतात तेथून ती बाई घरी जाऊन आपल्या जावेला आणि नणंदेला जे सांगते, त्याचा परिणाम पुढची दहा वर्षे तिच्या वस्तीवर राहतो. कळा देणाऱ्या बाईजवळ तिच्या पसंतीची एक बाई उभी राहू द्यावी, हा नियम आता सरकारने मान्य केला आहे. तो प्रत्येक खोलीत पाळला गेला पाहिजे.

वर्ध्यात ह्या गाठी सोडविण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत दोन मला मोलाचे वाटतात. सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांबरोबर जी आरोग्य विमा योजना चालविली, तिचा हप्ता ज्वारीत घेतला जाई. सुगीला, खळ्यावर धान्य असताना, ज्याची जमीन जास्त त्याने जास्त, मजुराने थोडी, अशी ज्वारी जमा होई आणि तिच्या बळावर त्या घरांना कस्तुरबा रुग्णालयात सवलतीने उपचार मिळत. रोख पैसा घरात नसणे हे "आले की पाहू" ह्या उत्तराचे फार मोठे कारण असते, आणि धान्याच्या हप्त्याने ते कारण काही घरांपुरते तरी दूर केले. दुसरा प्रयत्न २००३ ते २००८ ह्या काळातला. आंजी, गौळ आणि तळेगाव ह्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या टापूत सेवाग्रामच्या आयुर्विज्ञान संस्थेच्या सामुदायिक औषधवैद्यक विभागाने गावागावांत समित्या, बचतगट आणि किशोरी पंचायती उभ्या केल्या, गरोदरपणातील धोक्याची लक्षणे कोणती ह्याची चर्चा घराबाहेर आणली, आणि पुरुषांसाठी शेतकऱ्यांचे मंच काढून तोच विषय त्यांच्यापुढेही ठेवला. सुनेला शिकवून भागत नाही, सासूला आणि मुलालाही शिकवावे लागते, हे ज्यांनी ओळखले त्यांनी रोगाचे मूळ ओळखले असे मी म्हणेन.

मातामृत्यू झाला म्हणजे त्याचा तपास व्हावा, अशी २०१० पासूनची रीत आहे. आरोग्य खात्याची माणसे घरी जाऊन जाबजबाब घेतात: त्रास केव्हा सुरू झाला, प्रथम कोणाच्या लक्षात आला, न्यावयाचे हे कोणी ठरविले, गाडी किती वेळाने मिळाली, किती दवाखान्यांनी पुढे पाठविले. जिल्हाधिकाऱ्यांपुढे होणाऱ्या बैठकीत मयत बाईच्या नातेवाइकांनाही बोलावण्याची तरतूद आहे. हे सर्व जाबजबाब दप्तरात जातात, आणि ज्या गावात तो पहिला विलंब घडला त्या गावाला त्यांतून काहीच कळत नाही. नाव न घेता, घर न दाखविता, त्यांतील वेळांचा तेवढा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. सासरच्या आशाताईने माहेरच्या आशाताईला फोन करून नाव हाती सोपवावे, आणि ते सोपविले ह्याची नोंद दोन्ही वह्यांत असावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची जी विशेष तपासणी २०१६ पासून होते, तिला नवऱ्याने बरोबर यावे. आणि रोजगार हमीची कल्पना ज्या महाराष्ट्राने देशाला दिली, त्याच्या सरकारने वेचणीच्या महिन्यांत त्या दिवशी खाडा पडलेल्या बाईची मजुरी हमीच्या हजेरीपटावर लावण्याची तजवीज करावी.